फियाटच्या गळक्या वाट्या

थांबा, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर मी विसरेन. श्रुतिका, तू तर अजिबात नको, तू काल अर्धी गोष्ट ऐकलीस आणि सगळ्यांना उलटी सांगितलीस. सगळे मला विचारतायत की तुमच्या होडीत पाणी शिरलं का. होडीला काही नाही झालं यार. गोष्ट फियाटची आहे. होडी आहे तिच्यात, पण ती जरा नंतर येते.

तर अंबोलीच्या गावठाणात ऑगस्टीन अंकल राहतात. माझ्या बाबाचे जुने दोस्त. अंकल आधी विमानतळावर होते, सामान ओढणारे ते छोटे ट्रॅक्टर असतात ना, ते दुरुस्त करायचे. आणि माझा बाबा, तुम्हाला माहितीच आहे, वर्सोव्यात कोणाच्या होडीचं डिझेल इंजिन बसलं की चंदूला बोलवा. त्यामुळे ह्या दोघांचं म्हणजे कसं, एकाला वाटतं इंजिन म्हणजे जमिनीवरची वस्तू, दुसऱ्याला वाटतं पाण्यावरची, आणि वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना शिकवतायत.

अंकलकडे फियाट आहे. ती जुनी, गोल डोळ्यांची, साबणाच्या वडीसारख्या रंगाची. लग्नानंतर कार्मेन आंटीला त्यांनी ह्याच गाडीतून घरी आणलं, आणि आंटी सांगते की तेव्हासुद्धा ती साकीनाक्याला उतरली होती, कारण गाडी तापली होती. नवरीच्या ड्रेसवर. आंटीचं म्हणणं, लग्न तिने ऑगस्टीनशी केलं पण संसार रेडिएटरशी केला. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, पाण्याची बाटली असणार. आणि ती पिण्यासाठी नाही.

मग गेल्या वर्षी गाडी जी बंद पडली ती पडलीच. शेडमध्ये ताडपत्रीखाली. आणि इथे मर्विन येतो. मर्विन म्हणजे अंकलच्या भावाचा मुलगा, त्याने ओशिवऱ्याला कॅफे काढलाय. त्याच्या डोक्यात आलं की फियाट मधोमध कापायची, पुढचा भाग भिंतीतून बाहेर आल्यासारखा लावायचा, दिवे चालू ठेवायचे, लोक सेल्फी काढतील. मागच्या भागाचा सोफा. अंकलना म्हणाला, मी तिला अमर करतो. टेप घेऊन आला होता मापं घ्यायला, खरंच. अंकल, तो जिथे जिथे टेप लावत होता तिथे मागून फडक्याने पुसत होते.

आंटी म्हणाली, पुढचं भिंतीला, मागचा सोफा, आणि मधला भाग, जिथे मी जन्मभर घाम गाळला, त्याचं काय करणार रे? पण हसली आणि मर्विनला चहा दिला, म्हणजे तिला कल्पना वाईट वाटली नव्हती. शेडमध्ये तिला कपडे वाळत घालायचे होते.

तेव्हा अंकल म्हणाले की मी इंजिन बांधतो. पूर्ण. नव्यासारखं. आणि आंटीने अट घातली. ही अट नीट ऐका, पुढचं सगळं हिच्यावर आहे. आंटीचं माहेर चेंबूरच्या गावठाणात. तिथे ऑक्टोबरमध्ये आगेरा असतो, म्हणजे नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, बँड लावून. शेतं कधीच बिल्डिंगखाली गेली, कणसं आता बाहेरून आणतात, पण बँड चुकत नाही. तर आंटी म्हणाली, "आगेऱ्याच्या रविवारी मला ह्या गाडीतून माहेरी ने, ऑगस्टीन. वाटेत एकदा पण बॉनेट उघडायचं नाही. उघडलंस, की सोमवारी मर्विनला टेम्पो घेऊन बोलवेन."

अंकल म्हणाले चालेल. एवढंच. आणि लगेच बाबाला फोन.

मग काय, पावसाळाभर आमचा बाबा अंबोलीत. मासेमारी बंद, होडी ओढून काठावर ठेवलेली, बाबा रिकामा. दोघांनी इंजिन उतरवलं, सगळं सुटं केलं, ब्लॉक वर्कशॉपमध्ये साफ करायला दिला, तो आला तर असा चकचकीत की अंकलनी आंटीला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं बघायला. आंटी म्हणाली छान आहे, पण भोकं आहेत ह्याला.

भोकं असतातच. हे मला तेव्हा कळलं, तुम्हालाही सांगते. इंजिनचा ब्लॉक ओततात तेव्हा आत वाळू असते, ती काढायला बाजूला गोल भोकं ठेवतात. नंतर त्या भोकांना पत्र्याची छोटी झाकणं ठोकून बसवतात, वाटीसारखी. आतून पाणी फिरतं ना इंजिन थंड ठेवायला, ते तिथून बाहेर येऊ नये म्हणून. अंकल त्यांना वाट्याच म्हणतात. इंटरनेटवर बघितलं तर त्यांना फ्रीझ प्लग म्हणतात, थंड देशात पाणी गोठतं म्हणून. आंटीला मी हे सांगितलं तर ती पंख्याखाली पदराने वारा घेत होती, तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

तर वाट्या ठोकल्या, सगळं जोडलं, इंजिन गाडीत बसवलं. गणपती झाले होते. एका रविवारी सकाळी अंकलनी चावी फिरवली आणि यार, काय आवाज. म्हणजे आवाजच नाही. शिलाई मशीन चालू आहे असं. बाबाने डोळे मिटले. अंकलनी टोपी काढली. शेजारच्या गल्लीतून लोक आले. आंटी पण हात पुसत आली, थोडा वेळ ऐकलं, आणि मग खाली बोट दाखवून म्हणाली, हिला लंगोट घाला.

टिप. टिप. गाडीच्या पोटाखाली.

आता गंमत अशी की थंड असताना काही नाही. एकदम कोरडं. इंजिन तापलं की एका वाटीच्या कडेने पाणी झिरपायला लागायचं, मग दुसरीच्या. अंकल म्हणाले, वाट्या मापाच्या नाहीत, कुर्ल्याच्या पार्टवाल्याने फसवलं. बाबा म्हणाला, माप बरोबर हाय, तू ठोकल्यास हलक्या हाताने, विमानाला हात लावल्यासारख्या. मग बाबाने हातोडी पोचली त्या वाट्या अजून आत ठोकल्या. एक दिवस बरं वाटलं, मग परत टिप.

नवीन वाट्या बसवायच्या तर जुन्या काढायला हव्यात, आणि काढायच्या तर सायलेन्सरकडे जाणारा तो जाड पाइप उतरवायला हवा, कारण दोन वाट्या त्याच्या मागेच. त्याचे बोल्ट अंकलनी एवढ्या मेहनतीने बसवले होते की काढायचं नावच नको. म्हणून दोघांनी शॉर्टकट सुरू केले. हे म्हणजे आपल्या ओजससारखं, टायर पंक्चर आहे तर रोज हवा भरतोय.

पहिला शॉर्टकट बाबाचा. होडीच्या फटीत भरतात ते लुकण. त्याने घरून आणलं, वाट्यांच्या कडेने अंगठ्याने असं दाबून दाबून भरलं, केकवर क्रीम लावल्यासारखं. मी बाबाला म्हटलं, होडीत पाणी बाहेरून आत यायला बघतं, ते लुकणाला अजून आत दाबतं. इथे पाणी आतून बाहेर ढकलतंय ना. बाबा म्हणाला, तू कॉमर्सची. इंजिन तापलं आणि लुकणाचा एक गोळा उडून मडगार्डला चिकटला.

बाबा तो गोळा खरवडून काढत बसला.

दुसरा शॉर्टकट अंकलचा. जुने ड्रायव्हर करायचे म्हणे, रेडिएटरमध्ये हळद टाकायची, ती फिरत फिरत जाते आणि बारीक फटीत बसते. अंकलनी आंटीच्या मसाल्यासाठी आणलेली हळद ढापली. ईस्ट इंडियन, म्हणजे अंकल-आंटीसारखे मुंबईचे मूळचे ख्रिश्चन, त्यांचा तो बाटलीतला मसाला माहितीय ना, आंटी तो वर्षाचा करते, त्याची हळद. आणि भरपूर टाकली, कारण गळती भरपूर होती. पाणी गळायचं थांबलं नाही, फक्त पिवळं झालं. शेडच्या लादीवर पिवळे ठिपके. आंटी आली, बघितलं, वास घेतला, आणि म्हणाली, "हळद लागली, आता लग्न पण लावून टाका हिचं. मुलगा ओशिवऱ्याचाच आहे, कॅफे आहे त्याचा."

आम्ही सगळे हसलो. मी तर पोट धरून. आणि मग मी बघितलं, अंकल हसत नव्हते. खाली बसून फडक्याने तो पिवळा डाग पुसत होते, डाग निघाला तरी पुसतच होते. आंटी चहा आणायला आत गेली तेव्हा अंकल त्याच डागाकडे बघत म्हणाले, "चंदू, मी तिला भिंतीवर बघायला जाणार नाही. मर्विन बोलवेल, मी जाणार नाही."

आगेरा पुढच्याच रविवारी होता.

बाबाने काय केलं माहितीय, पाना उचलला आणि तो पाइप उतरवायला घेतला. बोल्ट काढताना एक शब्द नाही. आणि हे दोघं एकत्र असून शब्द नाही म्हणजे मलाच टेन्शन आलं. मी टॉर्च धरून उभी.

पाइप निघाला. अंकलनी पहिल्या वाटीच्या एका कडेला पेचकस लावून हातोडीने टक केलं, वाटी भोकात आडवी फिरली, मग पकडीने धरून ओढली. वाटी आली. आणि तिच्याबरोबर अजून काहीतरी आलं. निळं. दुधावरची साय कशी सुरकुतते, तशी वाटीच्या कडेला गोल निळी साय.

अंकलनी ती नखाने ओढली, लांबच लांब निघाली. भोकात टॉर्च मारला तर आत पण निळं. दुसरी वाटी काढली, निळी. तिसरी, निळी.

तर आता होडी येते. श्रुतिका, आता ऐक.

आमची होडी नारळी पुनवेच्या आधी रंगवतात, दरवर्षी, तुम्ही बघितलीय, तो निळा. यंदा रंग उरला. आणि ब्लॉक वर्कशॉपमधून नागडा आला होता, तर बाबा म्हणाला आणतो मी रंग, आपल्याच होडीचा, चांगला हाय, खाऱ्या पाण्याला पुरतो. अंकलच्या ओट्यावर बसून त्याने ब्लॉक रंगवला. वाट्या बसवायच्या आधी. बाहेरून रंगवला ते ठीक. पण त्याने भोकांच्या आतल्या कडा पण रंगवल्या, अगदी बारीक ब्रश घेऊन, निगुतीने, एकदा वाळल्यावर परत. मग वाटी लोखंडाला धरणार कशी? ती रंगावर बसली होती. रंग थंड असला की कडक, इंजिन तापलं की मऊ, वाटी सैल, पाणी बाहेर. आणि हे दोघं पार्टवाल्याला शिव्या घालत होते महिनाभर.

बाबाच्या नखात अजून तो निळा होता यार. त्याने हात मागे घेतला.

तेवढ्यात आंटी चहा घेऊन आली. तिने ती निळी साय बोटावर घेतली, बाबाकडे बघितलं, अगदी शांतपणे विचारलं, "चंदू, हिला समुद्रात सोडायची होती का रे?"

मला वाटलं बाबा आता काहीतरी फेकणार, उलटा जोक वगैरे. तो तसाच आहे ना. पण तो खाली बघून म्हणाला, "वैनी, होडीचं एवढंसं लाकूड उघडं राहिलं तर समुद्र तिथूनच खायला लागतो. मी म्हटलं, पाणी ह्या भोकांतूनच जायचं, तर हितं दोन हात जास्त मारू."

म्हणजे बघा ना. सगळ्यात जास्त काळजी जिथे घेतली तिथेच गळलं.

अंकलनी वाटी हातात फिरवली, आणि म्हणाले की दुसरा हात मार असं मीच सांगितलं होतं, छान दिसत होता निळा. आंटी म्हणाली, वा, म्हणजे दोन शहाणे. आणि चहा दिला, आणि बाबाच्या कपात साखर जरा जास्त घातली, ती एरवी त्याला साखरेवरून बोलते.

मग काम असं झालं की मी आत्तापर्यंत ह्या दोघांना असं काम करताना बघितलं नव्हतं. बाबाने प्रत्येक भोकाची कड पॉलिश पेपरने घासली, खाली लोखंड दिसेपर्यंत, आणि मग बोट फिरवून बघायचा, परत घासायचा. पिवळं पाणी काढून आतून धुतलं, तीन बादल्या हळदीचं पाणी निघालं, आंटीने ते झाडांना घालू दिलं नाही. नवीन वाट्या आणल्या त्याच पार्टवाल्याकडून, आणि अंकलनी मला सांगितलं की त्याला सॉरी म्हण. मी कशाला सॉरी म्हणू, मी काय शिव्या दिल्या होत्या? पण म्हटलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं अजून काहीतरी बिघडलं.

कडेला सीलंटचा, फट बुजवणाऱ्या पेस्टचा, पातळ हात, केकसारखा नाही. वाटीच्या आत बरोबर बसेल असा गोल पाना ठेवला आणि वरून हातोडी, म्हणजे वाटी वाकडी न होता सरळ आत जाते. अंकल बाबाला म्हणाले तू ठोक. बाबा म्हणाला नको, तूच. तू ठोक, तूच ठोक, असं लग्नात जेवायला बसवतात तसं चाललं होतं. शेवटी बाबाने पाना धरला आणि अंकलनी ठोकलं. प्रत्येक ठोक्याला बाबा डोळे मिटायचा.

इंजिन तापवलं. खाली वर्तमानपत्र पसरलं. आम्ही चौघं जमिनीवर बसून त्या पेपरकडे बघतोय, जसं काय त्यात निकाल छापलाय. कोरडा. आंटी म्हणाली, शेडमध्ये तर कोरडं झालं, रस्त्यावर बघू.

तर आगेऱ्याचा रविवार. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे कसलं, सीटला हात लावला तर चटका. अंकल गाडी चालवतायत, कोट घालून, बाबा पुढे बाजूला, मागे आंटी आणि मी. आंटीच्या मांडीवर फुग्यांचा डबा, ते गोल तळलेले पाव असतात ना, ते. पर्समध्ये बाटली. तिने बाटली मला दाखवली आणि परत आत ठेवली, पण अंकलना आरशात दिसेल अशी दाखवली.

जोगेश्वरी पार केली. लिंक रोडला नेहमीची गर्दी, गाडी उभी, इंजिन चालू, आणि अंकलची नजर रस्त्यावर नाहीच, तापमानाच्या काट्यावर. काटा मध्ये उभा. आंटी मागून म्हणते, ऑगस्टीन, समोर बस आहे. ऑगस्टीन, बस गेली. ऑगस्टीन, हॉर्न आपल्याला वाजवतायत.

पवईच्या चढाला वास आला. मला पण आला. गरम रंगाचा वास. अंकलनी गाडी बाजूला घेतली, तलावाकडेला. बाबा म्हणाला अरे तो बाहेरून लावलेल्या रंगाचा वास हाय, रस्त्यावर पहिल्यांदाच एवढं चाललंय इंजिन, चल तू. काटा बघ, मध्येच हाय. पण अंकल उतरले.

आणि बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले.

उघडलं नाही. नुसता हात ठेवला वर. चटका बसला असणार, पण ठेवला. मग वाकून खाली बघायचा प्रयत्न केला, खाली रस्ता आधीच कोणाच्या तरी टँकरने ओला केलेला, त्यातून काही कळेना. परत उभे. घाम येतोय, कोट घातलेला. उघडावं तर गाडी गेली, न उघडावं तर मनात शंका, आणि शंका घेऊन चेंबूरपर्यंत चालवणं त्यांना जमणार नव्हतं, मला माहीत होतं, आंटीला तर माहीत होतंच. बाबा दार उघडून अर्धा बाहेर, अर्धा आत. रिक्षावाले बघत जातायत की म्हातारा गाडीला शपथ देतोय का.

मी आंटीकडे बघितलं. ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला, साडी सावरली, उतरली, अंकलना कोपराने बाजूला केलं आणि बॉनेट स्वतः उघडलं. कसं उघडतं ते तिला बरोबर माहीत, खटका कुठे, दांडी कुठे लावायची, सगळं. पर्समधून रुमाल काढला, पांढरा, आणि हात आत घालून एकेक वाटीच्या खालून फिरवला. मागच्या दोनसाठी मनगटापर्यंत आत. बाबा म्हणाला वैनी भाजेल, तिने ऐकलं नाही.

रुमाल बाहेर काढून तिने अंकलसमोर धरला. थोडं काळं लागलं होतं. ओलं नव्हतं.

अंकल रुमालाकडे बघत म्हणाले, "कार्मेन, बॉनेट उघडलं ना."

"मी उघडलं. अट तुला होती, मला नव्हती," ती म्हणाली. आणि बॉनेट आपटून बंद केलं, बाबाला सांगितलं तू मागे बस, आणि स्वतः पुढे बसली.

अंकलनी गाडी परत रस्त्यावर घेतली. अंकल काट्याकडे बघायचे थांबले. बाबा माझ्या बाजूला फुग्यांचा डबा धरून बसला होता, एक काढून खाल्ला, मी पण.

पोचलो तेव्हा कणसांना आशीर्वाद देऊन झाला होता, बँडवाले सावलीत बसून कोल्ड्रिंक पीत होते. आंटीच्या वहिनीने दुरूनच हाक मारली की काय गं, आलात का ढकलत, कुठे बंद पडली या वेळेला? सगळे हसायला लागले, त्यांच्याकडे ह्या गाडीचे जोक वर्षानुवर्षं चालतात, आणि बहुतेक आंटीनेच सुरू केलेले. मर्विन पण होता तिथे. तो पुढे आला आणि सरळ विचारलं, आंटी, खरं सांग, वाटेत अंकलने बॉनेट उघडलं?

आंटीने रुमाल पर्समध्ये अजून खाली दाबला.

"ऑगस्टीनने? नाही," ती म्हणाली. "पवईला गर्दी होती."